आपलं आपण पास करायचं नाही

उपाशीपोटी कुणाला मंजुरी देऊ नये आणि जेवल्यावर तर मुळीच देऊ नये, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. उपाशी माणूस चिडून परत पाठवतो आणि पोट भरलेला माणूस दया येऊन पास करतो, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळं आमच्या प्रोग्रामातली कुठलीही दुरुस्ती पास व्हायची ती सकाळी अकरा ते बारा या तासात. त्या तासात लातूरची वीज गेली, की दुरुस्ती उद्यावर.

कसला प्रोग्राम, ते आधी सांगते. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासेसचं अमाप पीक आलं होतं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गुणवंतांचे बोर्ड. एकच मुलगा चार वेगवेगळ्या क्लासच्या बोर्डांवर हसत असायचा, आणि चारही ठिकाणचे मास्तर त्याला आपणच घडवला म्हणून सांगायचे. अशाच एका क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवायची आणि हा अकरा ते बारावाला माणूस, म्हणजे आमचे सर, गणित. जिन्याखालच्या खोलीत सरांचा एक कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांनी आठवड्याच्या परीक्षेसाठी प्रोग्राम लिहिला होता: मुलांची उत्तरं आत टाकायची, गुण आणि क्रमांक बाहेर यायचे. तो त्यांनी विकला नाही. फ्लॉपी घेऊन येईल त्याला कोडासकट फुकट दिला, वर सांगितलं, काही सुधारलंत तर परत पाठवा. आता याला ओपन सोर्स म्हणतात आणि त्यावर थंडगार हॉलमध्ये परिषदा भरतात. आमच्याकडं तिला 'सरांची फ्लॉपी' म्हणत.

नांदेड, मुदखेड, नायगाव, मुखेड, सगळीकडच्या मास्तरांनी ती नेली. आणि मास्तर म्हटला की सुधारणा करणारच. एसटीच्या कंडक्टरच्या हाती रोज एखादी फ्लॉपी यायची. सर आतली दुरुस्ती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचे आणि कागद धरून, उभं राहून, पंचनामा वाचावा तशी एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे. अडखळले की थांबून विचारायचे, "ह्या ओळीत कोण मरतंय?"

नवा माणूस घाबरायचा. त्याला वाटायचं, कॉम्प्युटर उडतो की काय. सरांचं म्हणणं साधं होतं: ही ओळ चुकली तर नुकसान कुणाचं, ते नावानिशी सांगा. ज्याला सांगता आलं नाही त्याची दुरुस्ती परत.

परत पाठवायची रीतही त्यांचीच. उघडं पोस्टकार्ड. कोड जर सगळ्यांना उघडा आहे तर नकार कशाला झाकायचा, म्हणायचे. नायगावच्या एका गुरुजींना त्यांनी लिहिलेलं कार्ड मी टाकायला नेताना वाचलं होतं: "आपली दुरुस्ती मिळाली. हुशारी दिसली. कारण दिसलं नाही." ते कार्ड गुरुजींच्या आधी पोस्टमनने वाचलं आणि पोस्टमनच्या कृपेने अर्ध्या नायगावाने. गुरुजी दोन महिने गप्प होते, पण पुढची दुरुस्ती कारणासकट पाठवली. स्तुती करायची वेळ आलीच तर सर म्हणायचे, "चालतंय. राहू द्या." यावर मुदखेडच्या एका मास्तरांनी पेढे वाटल्याचं मला पक्कं माहीत आहे.

आता माझं दुःख. सरांचे दोन नियम होते. पहिला: आपलं आपण पास करायचं नाही. मग लिहिणारा कुणीही असो, खुद्द सर असोत. दुसरा नियम म्हणजे कहर होता. शेवटची मान डोलवायची ती शमीमआपांनी.

शमीमआपा आमच्या टायपिस्ट. घरचा बुक-बाइंडिंगचा धंदा, दहावीपर्यंत शिक्षण, सगळ्या क्लासची आपा. मुलांच्या उत्तरपत्रिकेवरून उत्तरं मशीनमध्ये भरायचं काम त्यांचं, आणि निकाल लागला की खिडकीत बसून पालकांना तोंड द्यायचं कामही त्यांचंच. सर त्यांना प्रत्येक बदल सोप्या मराठीत समजावून सांगत. आपांना पटलं तर पास, नाही तर नाही.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची, एम. एस्सी., त्यावर हैदराबादहून केलेला सहा महिन्यांचा डिप्लोमा. केस नुकतेच मानेपर्यंत कापलेले. मी लिहिलेल्या कोडवर दहावी पास बाईनं मान डोलवायची?

"सर, आपांना कोड कळतो का?" मी एकदा विचारलंच.

"न्हाई कळत," सर म्हणाले.

"मग?"

"पालक खिडकीत येऊन कुणाला बोलतो? तुम्हाला का मला?"

"आपांना."

"मग झालं की. शिव्या खाणाऱ्याला आधी विचारावं."

मला हे उत्तर अत्यंत मागासलेलं वाटलं होतं. परवा माझी नात पुण्याहून आली. तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मोठ्या कौतुकानं सांगत होती की त्यांच्याकडं कुणाचाही कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आत जात नाही, आणि तो वापरणाऱ्यांनाही आता विचारायला लागलेत. मी म्हटलं, "अगं बाई, लई पुढं गेलं गं जग."

सरांचं हे खूळ कुठून आलं ते मला आपांनीच सांगितलं. भूकंपाच्या वेळी सर औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. पडलेल्या घरांच्या याद्या करायला त्यांना बसवलं होतं, आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर त्यांनी तिथं पाहिला. घाईचे दिवस. साहेबांनी कोऱ्या कागदावर आधीच सह्या करून ठेवलेल्या, यादी मागून छापायची. त्या छपाईत एका बाईचं नाव सुटलं. ती दोन पोरांना घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि जेव्हा जेव्हा विचारायला आली तेव्हा तिला सही दाखवण्यात आली. बाई, यादी मंजूर आहे. यादी टाइप केली होती सरांनी. ते स्वतः याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण साहेब लोकांची सही दिसली की कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघायची सवय त्यांना होती. लग्नपत्रिकासुद्धा उलटी करून बघायचे.

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. डिप्लोमाच्या माणसाचं डोकं आधीच उजळलेलं असतं. मी उठाव केला.

नांदेडला एका शाळेच्या वर्गात आम्ही सगळे फ्लॉपीवाले जमलो. विषय एकच, मंजुरी कुणी द्यायची. नांदेडचे एक प्राध्यापक म्हणाले, मतदान घ्या. नायगावचे गुरुजी म्हणाले, ज्यानं जास्त ओळी लिहिल्या त्यानं द्यावी. हे सांगताना त्यांनी आपल्या ओळी मोजून आणल्या होत्या. मी फळ्यासमोर उभी राहून अर्धा तास भाषण दिलं, त्याचा सारांश असा की मंजुरी शिकलेल्या माणसाच्या हातात असावी. शिकलेला माणूस म्हणजे कोण, हे सांगायची गरज पडू नये म्हणून मी डिप्लोमाचा दोनदा उल्लेख केला. मास्तरांना उघड्या पोस्टकार्डांचा राग होताच. टाळ्या पडल्या.

सर शेवटच्या बाकावर बसून कागदात बांधून आणलेली सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, खात होते. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं. मॅडम पास करतील. मी उद्या लेकीकडं उदगीरला चाललोय, पंधरा दिवस."

इतक्या सहज राज्य मिळेल असं वाटलं नव्हतं. मला जरा अपमानच वाटला.

पंधरा दिवसांत मी सात दुरुस्त्या पास केल्या. जेवून पास केल्या, उपाशी पास केल्या, एक तर फोनवर ऐकून पास केली. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा करायची नायगावच्या गुरुजींची दुरुस्ती त्यातच होती आणि ती चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. आणि सातवी होती माझी स्वतःची. ती मी लिहिली, मी वाचली, मला फार आवडली आणि मी पास केली.

गोष्ट अशी होती. पेपर एकच, पण माध्यमं दोन. इंग्रजीवाले उत्तर ए, बी, सी, डी असं लिहीत, मराठीवाले अ, ब, क, ड. उत्तरसूची मात्र आकड्यांत, एक ते चार. सरांनी त्यासाठी नऊ ओळींचा तक्ता लिहिला होता: ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, अ म्हणजे एक, ब म्हणजे दोन, असा. मला तो किराणा दुकानाच्या यादीसारखा वाटायचा. मी त्याच्या तीन ओळी केल्या. मुलांनी वापरलेली अक्षरं मशीननंच गोळा करायची, वर्णमालेच्या क्रमानं लावायची, पहिलं अक्षर एक, दुसरं दोन. इंग्रजी माध्यमाच्या जुन्या निकालावर चालवून पाहिलं. तंतोतंत.

मराठीवर चालवून पाहिलं नाही. कशाला पाहायचं? नियम तोच.

त्याच आठवड्यात क्लासची मोठी परीक्षा झाली. संचालकांनी जाहीर केलं होतं की या एका परीक्षेतून चाळीस मुलं निवडायची. त्यांना फी माफ, वसतिगृह माफ. बाकीच्यांनी मंगळवारपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. सोमवारी यादी लागली. मंगळवारी सकाळी शिवकन्या माझ्याकडं आली. मुखेडजवळच्या खेड्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, फार कमी बोलणारी मुलगी. फी माफ झाली नाही तर तिचं लातूर संपलं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"मॅडम, मला इतके कमी येत न्हाईत," ती म्हणाली.

मी म्हणाले, "बेटा, निकाल मशीन लावतं. मशीनला माया नसते." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुपारी स्टाफरूममध्येही ऐकवलं.

सर त्याच दिवशी उदगीरहून परतले. डबा खाऊन, हात पुसत, नोटीसबोर्डापुढं उभे राहिले. यादी पाहिली. मग उलटी करून पाहिली.

"मॅडम, चाळिसात मराठी माध्यमाचं एकबी लेकरू न्हाई."

मागून संचालक आले. त्यांच्याकडं उत्तर तयार होतं. "अहो, तेच तर. मराठीवाल्यांचा पाया कच्चा. मी कधीपासून सांगतोय." मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर स्टाफमधल्या सगळ्यांनीच आदल्या दिवशी मान डोलावली होती. ती यादी आम्हाला चुकीची वाटली नाही, कारण आमच्या मनात आधीपासून अशीच यादी होती.

"पाया कच्चा असंल," सर म्हणाले. "पण सगळे एकाच दिवशी कसे मेले?"

त्यांनी शिवकन्येची उत्तरपत्रिका काढली आणि पेन्सिलीनं तपासायला बसले. दहा मिनिटांनी मला बोलावलं. "हिचं जिथं अ आहे तेवढंच बरोबर धरलंय. ब, क, ड सगळे चूक. काय करून ठेवलंय तुम्ही?"

आणि तेव्हा, उभ्या उभ्या, मला दिसलं. आपण लहानपणापासून पर्याय लिहितो अ, ब, क, ड. पण वर्णमालेत क येतो, मग ड, आणि ब कुठल्या कुठं मागं. माझ्या मशीननं तो क्रम नेमानं लावला होता. अ, क, ड, ब. मराठी माध्यमाच्या प्रत्येक लेकराचं दोनचं उत्तर चार झालं होतं, तीनचं दोन, चारचं तीन. वर प्रत्येकाला पाव गुण वजा. पहिलीतल्या पोराला विचारलं असतं तरी सापडली असती अशी चूक, आणि मी एम. एस्सी.

"शिवकन्येचे वडील आलेत," खिडकीतून कुणीतरी सांगितलं. "चारची मुखेड गाडी धरणार म्हणतात."

घड्याळात अडीच वाजून गेले होते. जुनी फ्लॉपी लावून भागणार नव्हतं, तिला गुण वजा करणं माहीत नव्हतं. मी कीबोर्डवर बसले. सरांचा तक्ता डोळ्यांपुढं आणला आणि भराभरा लिहून काढला. पाच मिनिटांत दुरुस्ती तयार.

"सर, पास करा. लगेच यादी काढते."

सरांनी हात मागं घेतले. "मी न्हाई करणार."

"सर, ते निघून जातील."

"म्हणूनच. मी आत्ताच जेवलोय आणि मला त्या लेकराची दया येऊन राहिली. तुम्ही म्हणाल त्याला मी आत्ता हो म्हणेन. आपांना आणतो."

"आपा घरी गेल्यात जेवायला."

"तुम्ही बापाला धरून ठेवा," म्हणाले आणि सायकल काढून गेले. माझ्या मनात त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे आलं ते नातवंडांच्या घरात लिहिता येत नाही.

बाहेर बाकावर शिवकन्येचे वडील बसले होते. पांढरी टोपी, दोन गुडघ्यांत पोरीची पत्र्याची ट्रंक. शिवकन्या भिंतीकडं तोंड करून उभी.

"दादा, जरा थांबा," मी म्हटलं. "मशीनमध्ये थोडा बिघाड होता."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मशीनीला शिकिवतं कोण?"

"…मी."

"मंग बिघाड कुटं हाय?"

मी पदर सारखा केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. "माझ्यात हाय," म्हणाले. "चूक माझी झाली. तुमच्या पोरीची न्हाई."

"हां," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलं. मशीनीवर कसं रागवावं ते मला कळंना गेलतं."

आणि मग ते रागावले. आवाज न चढवता, ट्रंकेवरचे हात न काढता. दुकानदाराच्या फोनवर निरोप आला, सगळ्या गावादेखत, की पोरगी पडली. तिच्या मायनं कालपासून तोंडात घास घातला न्हाई. चुलता म्हणला, म्हणलं व्हतं का न्हाई, पोरीची जात. "आता तुमी म्हणता तिची चूक न्हाई. हे गावात येऊन सांगणार हाव का तुमी? एकेकाच्या दारात?" मी अर्धा तास उभी राहून ऐकलं. खिडकीत बसून हे आपा रोज ऐकत असतील, हे मला सात वर्षांत पहिल्यांदा सुचलं.

आपा रिक्षातून आल्या. सरांनी कागद त्यांच्यापुढं ठेवला. आपांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. इतकं सावकाश मी आयुष्यात कुणाला वाचताना पाहिलं नव्हतं. साडेतीन झाले. दादा उठून ट्रंकेची कडी धरून उभे राहिले.

"मॅडम," आपा म्हणाल्या, "सरके तक्ते में नऊ ओळी होत्या. ह्या आठच हैत."

"आठच पाहिजेत, आपा. चार इंग्रजी, चार मराठी."

"आणि रेघ? पोरं जागा रिकामी सोडतात ना, तिथं मी रेघ मारते. रेघ म्हणजे शून्य, असं होतं सरचं. तुमच्यात रेघेचं काहीच न्हाई. मग मशीन काय समजेल? चूक समजेल, आणि पाव गुण कापेल." त्यांनी गठ्ठ्यातून शिवकन्येची उत्तरपत्रिका काढून पुढं केली. "बघा, हिच्या अकरा रेघा हैत. ही अंदाजानं ठोकत न्हाई, येत न्हाई ते सोडते."

मी पुन्हा कीबोर्डवर बसले. नववी ओळ लिहिली. आपांनी ती वाचली, दोनदा वाचली आणि मान डोलावली. सर म्हणाले, "चालतंय. राहू द्या." प्रिंटर करकरत यादी ओकायला लागला. स्टँडवरून मुखेडची गाडी सुटली असेल तेव्हा शिवकन्या यादीत आपलं नाव शोधत होती. वरून नाही, खालून. तिथंच होतं ते. अडतिसावी.

दादांनी यादी हातात घेऊन विचारलं, "ह्ये पास कुणी केलं?"

सरांनी आपांकडं बोट दाखवलं. दादांनी टोपी काढली आणि आपांना हात जोडले. आपा लाजून म्हणाल्या, "अहो, मी नुसतं वाचलं."

मला कुणी काही म्हटलं नाही, म्हणून मी ट्रंक उचलली. वसतिगृह तिसऱ्या मजल्यावर. त्या मुलीनं पुस्तकं भरली होती की दगड, कोण जाणे. दुसऱ्या जिन्यावर सर मागून आले. माझ्या बरोबरीनं चार पायऱ्या चढले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले,

"मॅडम, तुमच्या आठ ओळींवर मी आत्ता यादी काढून बघितली. पोरगी एक्केचाळिसावी येत होती."

एवढं बोलून ते खाली उतरून गेले. मी ट्रंक टेकवली नाही. टेकवली असती तर पुन्हा उचलता आली नसती.